लग्नाचं शूटिंग, कमी पैशात : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे सीझन सुरू होतो आणि या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्नही लग्नाच्या शूटिंगचेच आहेत. मागच्या अंकात मी घरच्या व्हिडिओंबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावरून कोणी विचारलंय कॅमेरा कुठला घेऊ, कोणी विचारलंय जुन्या कॅसेटचं काय करू. सगळ्यांना एकेकटं उत्तर देणं जमणार नाही म्हणून त्यातले काही प्रश्न इथे घेतलेत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात धायरीला राहतो, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पार्ट टाइम काम करून पंचवीस हजार साठवलेत. फेब्रुवारीत आतेबहिणीचं लग्न आहे आणि शूटिंग मीच करणार असं आत्याला सांगून बसलोय. मित्र म्हणतो सेकंडहँड डीएसएलआर घे. एवढ्यात कुठला चांगला येईल?

कॅमेरा घेऊ नकोस रे. म्हणजे आत्ता नको. पंचवीस हजारात जुनी बॉडी येईल, तिच्यासोबत किट लेन्स येईल, आणि मग माईक, कार्ड, जास्तीची बॅटरी, स्टँड याला हातात काही उरणार नाही. मग होणार काय, की चित्र तुझ्या फोनपेक्षा थोडंसं बरं आणि आवाज मात्र पंख्याचा, खुर्च्या सरकवल्याचा आणि "अहो जेवायची पानं मांडलीत" असा. तुझा फोन गेल्या तीन-चार वर्षांतला असेल तर दिवसाउजेडी कार्यालयात तो पुरेसा आहे. पहिलं लग्न फोनवर कर, पैसे बाकीच्या गोष्टींवर घाल.

सगळ्यात आधी माईक. बोया कंपनीचा बीवाय-एम१ म्हणून कॉलरला लावायचा छोटा माईक येतो, हजाराच्या आतबाहेर मिळतो, त्याला सहा मीटर वायर असते. तो तुझ्या शूटिंगच्या फोनला लावायचाच नाही. घरातला कुठलाही जुना फोन घे, त्यात रेकॉर्डिंगचं ॲप टाक, माईक त्याला जोड, फोन फ्लाइट मोडवर टाक आणि तो नवऱ्या मुलाच्या खिशात नाहीतर गुरुजींच्या आसनाशेजारी ठेवून दे. माईकच्या डबीवर एक बटण असतं, ते फोनच्या बाजूला आहे ना ते बघ, कॅमेऱ्याच्या बाजूला राहिलं तर रेकॉर्डिंग बिघडेल. बऱ्याच नवीन फोनांना गोल जॅक नसतो, त्याला छोटा अडॅप्टर लागतो, तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी कर, फक्त आवाज रेकॉर्ड होणारा दे असं स्पष्ट सांग कारण काही अडॅप्टर नुसते हेडफोनचे असतात आणि त्यातून माईक चालतच नाही. माईक लावताना गुरुजींना आधी विचारायचं, "गुरुजी, उपरण्याला लावला तर चालेल का?" सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त उपरण्याच्या घडीत लपवू नकोस, कापड घासल्याचा खरखर आवाज नंतर कितीही केलं तरी जात नाही. बाहेरच्या काठाला लाव, जानव्याला किंवा माळेला लागणार नाही असा.

सगळं सुरू केलं की दोन्ही फोनांसमोर एक खणखणीत टाळी वाजव. एडिटिंगच्या वेळी आवाजाच्या रेघेत ती टाळी सुळक्यासारखी दिसते, दोन्हीकडचे सुळके एकाखाली एक आणले की आवाज आणि चित्र जुळलं.

मग एक मोनोपॉड किंवा साधा ट्रायपॉड, दीड-दोन हजारात बरा येतो. पॉवर बँक बहुतेक घरी असेलच. एक छोटा एलईडी लाईट, तोही फक्त संध्याकाळच्या सीमांतपूजनासाठी आणि वधूच्या खोलीसाठी. आणि जागा. फोनवर फुल एचडी साधारण सेकंदाला २५ मेगाबिटने रेकॉर्ड होतं असं धरलं तर तासाला ११ जीबी जातात. दिवसभरात सहा तास चालवलंस तर सत्तरच्या आसपास. फोरके १०० मेगाबिटने केलंस तर तासालाच ४५ जीबी. आत्याला टीव्हीवर बघायचंय, फुल एचडी भरपूर झालं. लग्नाच्या आदल्या रात्री फोन रिकामा कर आणि किती जागा उरली ते आकड्यात बघ, अंदाजावर जाऊ नकोस.

सेटिंगचं एकच नीट लक्षात ठेव. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे कार्यालयातले ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं आणि व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली सरकतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की हा त्रास जवळजवळ जातो. फोनच्या साध्या कॅमेऱ्यात शटर हातात येत नाही, त्यासाठी प्रो व्हिडिओ मोड बघ, नाहीतर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट ॲप आहेत. दुसरं ॲप आयफोनला २०२३ मध्ये आलं, नंतर काही अँड्रॉईड फोनांनाही आलं, तुझ्या फोनला चालतंय का ते आधी घरी बघ. आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक कर. बोट दाबून धरलं की लॉक होतं. नाहीतर स्टेजच्या मागे झगमगाट असतो, फोन तो बघून चित्र काळं करतो आणि नवरी अंधारात.

आता अंतरपाट. यावर थोडं सविस्तर लिहिते कारण सगळ्या लग्नात हा एक क्षण असा आहे की चुकला तर परत मिळत नाही. हार परत घालायला लावता येतात, सप्तपदीचं एखादं पाऊल राहिलं तरी सहा असतात, अंतरपाट एकदाच दूर होतो. तो दोन बाजूंनी दोघं जण धरून उभे असतात, नवरीच्या मागे मामा, शेजारी करवली. तू अगदी समोर उभा राहिलास तर अंतरपाट धरणाऱ्याची पाठ येते, नवऱ्याच्या मागे राहिलास तर फक्त शेला आणि मुंडावळ्यांची गाठ. धरणाऱ्याच्या खांद्यामागे तिरकं उभं राहायचं आणि मोनोपॉडवर फोन डोक्याच्या थोडा वर न्यायचा, म्हणजे दोन्ही चेहरे मिळतात. दुसरा फोन, भावाचा माग हवं तर, लांब ट्रायपॉडवर स्थिर लावून द्यायचा आणि त्याला हातच लावायचा नाही. कारण शेवटचं "सावधान" झालं की वाजंत्री सुरू होते, अक्षता उडतात आणि वीसेक मंडळी हातात फोन घेऊन तुझ्यासमोर येतात, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही, त्यांच्याही घरचं लग्न असतं. तो लांबचा फोन तेव्हा वाचवतो.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझं पहिलं लग्न मी मागून आणलेल्या डीएसएलआरवर केलं होतं. गौरीहरापासून नवरीला आणली तेव्हा रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बंदच केलं नाही, वाटलं सगळं सलग येऊ दे. मंगलाष्टकं म्हणायला दोन आत्या, एक काका, मुलीच्या मैत्रिणी, सगळ्यांनी स्वतः रचून आणलेली, सगळे मनापासून म्हणत होते. मी एकटक अंतरपाटाकडे बघत होते, स्क्रीनवरचा लाल ठिपका गेलेला माझ्या लक्षातच आलं नाही. अंतरपाट दूर झाला, मी समाधानाने कॅमेरा खाली घेतला तर आकडा २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबलेला. पुढचं काहीच नाही. बऱ्याच जुन्या डीएसएलआर तेवढ्यावर आपोआप थांबतात, युरोपात अर्ध्या तासाहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर जास्त आयात कर लागायचा म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातलेली होती, हे मला नंतर कळलं. त्या मुलीच्या आईला सांगताना मला काय वाटलं ते अजून आठवतं. तेव्हापासून मी दर दोन-तीन मंगलाष्टकांनी, एक "सावधान" होऊन दुसरं सुरू व्हायच्या मधल्या वेळात, बंद करून परत चालू करते आणि लाल ठिपका डोळ्यांनी बघते. फोनला ही मर्यादा सहसा नसते पण फोन आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं, म्हणून शूटिंगचा फोनही फ्लाइट मोडवरच.

हे लग्न नीट पार पडलं, दोन-तीन नातेवाइकांनी विचारलं, की मग कॅमेऱ्याचं बघू.

प्रश्न : आमच्या १९९४ च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट कपाटात आहे. मुलगी म्हणते डिजिटल करून घे. एका दुकानात विचारलं तर बरेच पैसे सांगितले. घरी करता येईल का? कॅसेटच्या खिडकीतून पांढरं पांढरं दिसतंय. (सदाशिव पेठ)

काकू, पांढरं दिसतंय ती बुरशी असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडचे पावसाळे बघता तीस वर्षांत हे होतंच. ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका, नुसतं बघायला म्हणूनही नको. बुरशी मशीनच्या हेडला लागते, टेप फाटू शकते आणि नंतर त्याच मशीनमध्ये घातलेल्या दुसऱ्या कॅसेटलाही लागते. ही एक कॅसेट टेप साफ करणाऱ्या माणसाकडेच द्या, पैसे जातील पण इथे वाचवू नका. घरात बाकीच्या कॅसेट असतील तर ही त्यांच्यापासून आजच वेगळी काढा आणि बाकीच्या उभ्या ठेवा, सोबत बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका.

ज्या कॅसेट स्वच्छ आहेत त्या मात्र घरी होतात. चालू स्थितीतला व्हीसीआर मिळवणं हेच मुख्य काम, कारण नवीन मिळत नाही, जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये बनवणं थांबवलं, ती शेवटची होती. नातेवाइकांत विचारा, माळ्यावर निघतो. मग यूएसबी कॅप्चरची छोटी कांडी लागते, पिवळी-पांढरी-लाल पिन जोडायची ती, आणि कॉम्प्युटरवर ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे नि पूर्ण मागे करून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप सारखी होते. कॅप्चर ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेमवर करा, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल सिस्टिमचं माप तेच आहे, त्याहून मोठं करून काही मिळत नाही. हात हलले की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर ओबीएसमध्येच त्या सोर्सवर डीइंटरलेस सुरू करा, जातात. टेप जितक्या तासांची तितकेच तास लागणार, तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास, त्यामुळे रविवारी दुपारी लावून द्या आणि अधूनमधून येऊन बघा.

आणि काकू, एक शोधाच. त्या काळी लग्नाची कॅसेट मिक्सिंग करून यायची, त्यात बदामात फोटो, फुलं उडतात ते, आणि वर सिनेमाची गाणी. त्याच्याआधीची, नुसत्या शूटिंगची मूळ कॅसेट शूटिंगवाल्याने तुम्हाला दिली होती का? घरात कुठे बिननावाची कॅसेट असेल तर ती टाकू नका. आमच्या आईबाबांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आजोबा मंगलाष्टक म्हणताना दिसतात. धोतर, काळा कोट, एक हात कानाजवळ नेऊन, डोळे मिटून, ओठ हलताहेत. आवाज येतो तो सिनेमातल्या गाण्याचा. मिक्सिंगवाल्याने तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सगळीकडे गाणी टाकली होती, त्याची काही चूक नाही, सगळे तेच करायचे. मूळ कॅसेट आम्ही खूप शोधली, मिळाली नाही. आजोबांचा आवाज दुसरीकडे कुठेच रेकॉर्ड केलेला नाही. आई तो भाग आला की टीव्हीच्या जवळ जाऊन बसते. म्हणून मी या सदरात आवाजाबद्दल इतकं परत परत लिहिते.

प्रश्न : वेगळ्या माईकचा आवाज आणि फोनचं चित्र सुरुवातीला जुळवते, टाळीही बरोबर बसते, पण वीस मिनिटांनी ओठ पुढे आणि आवाज मागे. लॅपटॉप खराब आहे का? (बावधन)

लॅपटॉप ठीक आहे. फोन एकसारख्या फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की कधी सेकंदाला २५ घेतो, कधी २४, कधी त्याच्या मधलंच काहीतरी. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र सगळ्या सारख्याच आहेत असं धरून चालतं आणि फरक साठत जातो. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घे, त्यात व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट २५ निवड आणि खाली कॉन्स्टंट वर टिक कर, क्वालिटीचा आकडा १८-२० च्या आसपास ठेव, आणि सगळ्या क्लिप रात्री झोपताना रांगेत लावून दे. सकाळी त्या नव्या फाइलींवर एडिटिंग कर. मूळ क्लिप उडवू नकोस. तू शॉटकट हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असशील तर ते क्लिप उघडतानाच विचारतं की बदलून घेऊ का, हो म्हण.

तरीही तासाला थोडासा फरक राहू शकतो कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. म्हणून मी लांब विधीत मधे मधेही एखादी टाळी देते. नाहीतर गुरुजींच्या घंटेचा किंवा "सावधान" नंतरच्या वाजंत्रीचा पहिला ठोका धरते आणि तिथे आवाजाची पट्टी कापून परत जुळवते.

प्रश्न : आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. मिक्सिंगवाले एडियस वापरतात, तेच शिकू का? की फुकटात काही? (सिंहगड रोड)

एडियस आपल्याकडच्या लग्नाच्या धंद्यात खूप चालतं, लायब्ररी-इफेक्ट तयार मिळतात, एखाद्या मिक्सिंगच्या दुकानात नोकरी करायची असेल तर शिका. स्वतःपुरतं करायचं तर पैसे कशाला. डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन आहे, त्यावर वॉटरमार्क येत नाही, फोरकेपर्यंत बाहेर काढता येतं आणि रंग सुधारायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्याला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक कार्ड लागतं, तुमच्या लॅपटॉपवर ते अडखळेल. शॉटकट किंवा केडेनलाईव्ह घ्या. दोन्ही पूर्ण फुकट आहेत, दोन्हीत प्रॉक्सी नावाची सोय आहे, ती सुरू केली की सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल बनवतं, तुम्ही नकलेवर काम करता आणि शेवटी फाइल काढताना मूळ क्लिप वापरली जाते. माझी पहिली दोन वर्षं अशाच लॅपटॉपवर गेली. जमलं तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घ्या, त्या पैशाचं चीज होतं.

एडिटिंग करताना आधी आवाज ऐका, चित्र नंतर. मी काय करते सांगते. सगळं फुटेज एकदा न कापता बघते आणि वहीत लिहून ठेवते, कुठे कोण काय बोललं. मामा नवरीच्या कानात काही बोलला, सासूबाई सूनमुख बघताना "गोड आहे गं" म्हणाल्या, कानपिळीला छोट्या भावाने अंगठी मागितली आणि सगळे हसले. ही वाक्यं आधी टाइमलाइनवर मांडते आणि चित्र त्याभोवती बसवते. पाठवणीचा भाग असेल तर आईचा आवाज दोन सेकंद आधी सुरू करते, चित्रात अजून रिकामं झालेलं कार्यालय, सुटलेली तोरणं, उरलेलं रुखवत दिसतंय, आणि मग आईचा चेहरा. एवढंच केलं तरी घरच्यांना ते लागतं. उलट क्लिपमागून क्लिप स्लो मोशन आणि फिरणारे ट्रान्झिशन टाकलेत तर पाच मिनिटांत कंटाळा येतो. ट्रान्झिशन शक्यतो नकोच, सरळ कट.

प्रश्न : मी २४ वर्षांची, हडपसरला राहते. मैत्रिणीच्या हळदीचं शूटिंग मी केलं, सगळ्यांना आवडलं. हे काम म्हणून करावं असं वाटतं पण घरचे म्हणतात हे मुलांचं काम, रात्री-बेरात्री जावं लागतं. आणि पैसे मागायची मला लाज वाटते.

घरच्यांना हे सांग की नवरीची खोली हा निम्मा व्हिडिओ आहे आणि तिथे पुरुष शूटिंगवाल्याला दाराबाहेर थांबावं लागतं. नऊवारी नेसवणं चालू आहे, मावशी पिना तोंडात धरून निऱ्या घालतेय, आजी बाजूला बसून सांगतेय की कासोटा घट्ट घ्या, हे तुलाच मिळणार. हळदीलाही तसंच, बायका मोकळ्या असतात. कितीतरी घरांना आज मुलगीच हवी असते शूटिंगला, फक्त त्यांना माहीत नसतं कुणाला विचारायचं. रात्रीचं म्हणशील तर आपल्याकडची पुष्कळ लग्नं सकाळी किंवा दुपारी लागतात. म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रोडच्या लॉन्सवरची रिसेप्शन उशिरा चालतात खरी, पण तिथेही स्पीकर १० ला बंद करावाच लागतो, तो नियमच आहे. सुरुवातीला ठरवून टाक की फक्त दिवसाच्या ऑर्डरी आणि हळदी घेणार. जायची-यायची सोय पार्टीने करायची हेही आधीच बोल.

पैशाचं. पहिली एक-दोन लग्नं घरातली असतील तर नको घेऊस, पण खर्च तरी घे, आणि त्यानंतर फुकट अजिबात नाही. एका दिवसाच्या शूटिंगमागे एडिटिंगचे चार-पाच दिवस जातात, हे लोकांना दिसत नाही म्हणून ते कमी लेखतात, त्यांना सांगावं लागतं. तारीख घेतानाच निम्मा ॲडव्हान्स घे आणि सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, किती कार्यक्रम, किती तास, काय काय देणार, किती दिवसांत देणार, दुरुस्त्या किती वेळा. दोनदा म्हण. मी हे न लिहिता एक ऑर्डर घेतली होती, आठ महिने दुरुस्त्या चालल्या आणि शेवटचे पैसे आलेच नाहीत. लिहिलेलं असलं की लाज वाटायचं कारण उरत नाही, तुला तोंडाने मागावंच लागत नाही.

आणखी एक, जमलं तर एखाद्या अनुभवी शूटिंगवाल्याकडे सीझनभर असिस्टंट म्हणून जा. लाईट धरायला लागेल, वायरी गुंडाळायला लागतील, पण मुहूर्ताच्या गडबडीत डोकं शांत कसं ठेवायचं हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही.

थोडक्यात

ड्रोन घेऊ का असं तिघांनी विचारलंय. नको. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, मधे लष्कराचे भाग आहेत, पुण्यात कुठे उडवता येतो आणि कुठे परवानगी लागते हे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरच्या नकाशावर बघावं लागतं. २५० ग्रॅमच्या आतला असला म्हणून हवा तिथे उडवला असं चालत नाही. कार्यालयाच्या गच्चीवरून वरातीचा एक स्थिर शॉट घ्या, छान दिसतो.

कोर्स करू का? एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आपल्याच लॉ कॉलेज रोडवर आहे, १९६० पासून, प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर, आणि तिथे मोठ्या कोर्सखेरीज छोटे कोर्सही होतात, परवडत असेल तर जरूर करा. पण त्याची वाट बघत बसू नका. घरातल्या बारशाचं, वाढदिवसाचं शूटिंग करा आणि पाच मिनिटांचं एडिट करून घरच्यांना दाखवा, कुठे त्यांचं लक्ष उडतं ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळतं.

पेनड्राईव्हवर मोठी फाइल जात नाही, जागा असूनही. पेनड्राईव्ह फॅट३२ प्रकारे फॉरमॅट केलेला आहे, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, १५ मेगाबिटने काढलेला व्हिडिओ साधारण ३८ मिनिटांतच तेवढा होतो. आतलं कॉपी करून ठेवा आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, त्यामुळे आजी-आजोबांच्या टीव्हीसाठी फॅट३२ वरच देवक-हळद, लग्न, रिसेप्शन अशा अर्ध्या अर्ध्या तासाच्या फाइली करून द्या, एच.२६४ या व्हिडिओ प्रकारात. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलं की दाबून खराब करतं.

कार्ड कधी रिकामं करायचं? दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्यावर, आणि दोन्हीकडची एखादी मधलीच क्लिप उघडून बघितल्यावर. त्याआधी नाही, दुसऱ्या दिवशी ऑर्डर असली तरी नाही. नवीन कार्ड घ्या.

प्रश्न : घरचे म्हणतात पूर्ण व्हिडिओवर गाणी टाक, नुसता आवाज बोअर होतो. यूट्यूबवर टाकला तर कॉपीराइट येतो म्हणे, मग लग्नात बँडवाले वाजवतात ते कसं चालतं? (कात्रज)

लग्नात, वरातीत गाणी वाजवायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, कलम ५२ मध्ये. ती वाजवण्यापुरती. तुम्ही तेच गाणं व्हिडिओला जोडून यूट्यूबवर टाकलंत तर यूट्यूबची यंत्रणाच ते ओळखते, मग आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ अडतो. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, सनई-सतारीसारखं शोधलं तर बरं मिळतं, हायलाईटला, म्हणजे निवडक क्षणांच्या छोट्या व्हिडिओला, ते वापरा.

आणि घरच्यांना दोन व्हिडिओ द्या. एक चार-पाच मिनिटांचा, गाण्यावर, तो सगळे बघतील आणि स्टेटसला टाकतील. दुसरा पूर्ण लग्नाचा, त्यात विधींवर एकही गाणं नाही, गुरुजींचे मंत्र, मंगलाष्टकं, हसणं, रडणं, जसं रेकॉर्ड झालं तसं, फक्त ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये पंख्याची घरघर थोडी कमी केलेली. वरातीत, जेवणाच्या पंगतीत गाणी टाका हवी तर, पण तिथेही खालचा मूळ आवाज शून्यावर नेऊ नका, हळू ठेवा. नाव घेताना संगीत पूर्ण बंद करा. आणि माईकची ती लांबलचक रेकॉर्डिंगची फाइल, कापाकापी न केलेली, पेनड्राईव्हमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, फोल्डरला "मंगलाष्टकं, मूळ आवाज" असं नाव द्या, म्हणजे कुणी नको असलेलं समजून उडवणार नाही.